निर्बंध, मतभेद आणि मराठी गद्य : पुण्यातील प्लेग (१८९७) ते टाळेबंदी (२०२०-२१)

१. प्रश्नाची मांडणी

बुलढाणा जिल्ह्यातील पैनगंगेच्या काठचे मेहकर हे तालुक्याचे गाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला प्रामुख्याने कवी ना. घ. देशपांडे यांच्या वास्तव्यामुळे परिचित आहे. वारकरी परंपरेत या गावाला आणखी एक स्थान आहे. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानची पालखी पंढरपूरहून परतताना लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव अशी मजल-दरमजल करीत शेगावी पोहोचते. २०२० व २०२१ या लागोपाठच्या दोन वर्षी ही पायी वारी निघाली नाही. साथीच्या काळातील निर्बंधांचा अनुभव या परिसराला जसा बंद दुकानांच्या आणि ओस पडलेल्या बाजाराच्या रूपाने आला, तसाच न आलेल्या पालखीच्या रूपानेही आला. वारी थांबविणे योग्य होते काय, ती थांबविण्याचा अधिकार कोणाचा, आणि याविषयी कोणी बोलावे, या तीन प्रश्नांवर त्या दोन वर्षांत महाराष्ट्रभर तीव्र मतभेद व्यक्त झाले.

ज्या कायद्याच्या आधारे हे निर्बंध घालण्यात आले तो कायदा २०२० सालचा नव्हता. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० च्या मध्यास जो साथरोग प्रतिबंधक कायदा लागू केला, तो ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, मुंबई इलाख्यात प्लेगची साथ चालू असताना, संमत झालेला होता. निर्बंधांविषयीच्या जाहीर वादाची मराठीतील पहिली मोठी परंपराही त्याच वर्षी, त्याच कायद्याच्या छायेत निर्माण झाली. म्हणूनच टाळेबंदीच्या काळातील मराठी लेखनाचा विचार करताना १८९७ च्या पुण्याकडे वळणे अपरिहार्य ठरते. तो वाद प्रत्यक्षात कशाविषयी होता, त्याने मराठी गद्याला कोणते रूप दिले आणि अलीकडील लेखनाच्या अभ्यासात त्याचा काय उपयोग होऊ शकतो, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू आहे.

२. कायदा आणि त्याने बंद केलेला दरवाजा

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ऑक्टोबरच्या आरंभी मुंबई महापालिकेने रोग्यांना सक्तीने रुग्णालयात नेण्याचे अधिकार जाहीर केले. त्याच महिन्याच्या अखेरीस गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला आणि पालिकेला सक्ती सैल करावी लागली. म्हणजे कायदा होण्यापूर्वीच निर्बंधांविरुद्धचा पहिला उद्रेक होऊन गेला होता, आणि तो वृत्तपत्रे चालविणाऱ्या वर्गाकडून आलेला नव्हता.

त्यानंतर आलेला १८९७ चा कायदा अवघ्या चार कलमांचा होता. विधेयक मांडले गेल्यापासून आठवड्याभरात तो संमत झाला. पहिले कलम नावाचे व व्याप्तीचे आहे. दुसऱ्याने नेहमीचे कायदे अपुरे वाटल्यास सरकारला आवश्यक ते तात्पुरते नियम करण्याचा, प्रवाशांची तपासणी करण्याचा आणि रोगाचा संशय असलेल्यांना वेगळे ठेवण्याचा अधिकार दिला. तिसऱ्याने नियमभंग हा भारतीय दंडसंहितेच्या १८८ व्या कलमाखालील अपराध ठरविला. चौथ्या कलमानुसार या कायद्याखाली सद्‌भावनेने केलेल्या कोणत्याही कृत्याबद्दल कोणावरही दावा अथवा अन्य कारवाई चालणार नव्हती.

वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या दृष्टीने चौथे कलम विशेष महत्त्वाचे आहे. ज्याच्या घराची जमीन उकरली गेली, ज्याची भांडीकुंडी व कपडे जाळले गेले, ज्याच्या घरातील स्त्रियांची परक्या पुरुषांनी तपासणी केली, त्याला न्यायालयात दाद मागण्याची वाट जवळजवळ उरली नव्हती. न्यायालयाचा दरवाजा असा बंद झाल्यावर तक्रार वर्तमानपत्राकडे वळली. एरव्ही फिर्याद, साक्ष, पुरावा आणि निवाडा या ज्या क्रिया कचेरीत घडल्या असत्या, त्या मराठी वृत्तपत्राच्या स्तंभात घडू लागल्या. १८९७ मधील मराठी वादलेखनाचा आवेश, त्यातील तपशिलांची गर्दी आणि त्यातील पुराव्याविषयीची अस्वस्थता यांचा उगम या परिस्थितीत शोधावा लागतो.

३. पुणे : गरज, अंमल आणि अधिकार

फेब्रुवारी १८९७ मध्ये वॉल्टर चार्ल्स रँड या सनदी अधिकाऱ्याची पुण्याच्या प्लेग कमिटीचा अध्यक्ष म्हणून नेमणूक झाली. १३ मार्चपासून गोऱ्या शिपायांच्या तुकड्यांनी घरोघर तपासणी सुरू केली. ती मे महिन्याच्या उत्तरार्धापर्यंत चालली. रोगी रुग्णालयात आणि त्याच्या घरची माणसे विलगीकरणाच्या छावणीत, अशी ही व्यवस्था होती. २२ जून रोजी, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीतून परतणाऱ्या रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. आयर्स्ट जागीच ठार झाला. रँड ३ जुलै रोजी मरण पावला. दामोदर हरी चापेकर यांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी देण्यात आली.

या घटनाक्रमामुळे पुढील काळात प्लेगचा वाद म्हणजे एका बाजूस जुलमी कमिटी आणि दुसऱ्या बाजूस संतप्त जनता, असे एक सोपे चित्र रूढ झाले. पाठ्यपुस्तकांनी, चरित्रांनी व चित्रपटांनी ते दृढ केले. प्रत्यक्ष लेखन तपासले असता या चित्रात बसणार नाही असे पुष्कळ काही हाती लागते. त्यासाठी वादातील तीन प्रश्न वेगळे करून पाहणे उपयुक्त ठरेल. निर्बंधांची आवश्यकता आहे काय, हा गरजेचा प्रश्न. ते कोणी व कसे अमलात आणावेत, हा अंमलाचा प्रश्न. आणि त्यांच्याविषयी बोलण्याचा, तक्रार करण्याचा, अर्थ लावण्याचा हक्क कोणाचा, हा अधिकाराचा प्रश्न.

गरजेच्या प्रश्नावर सुशिक्षित मराठी वर्गात वाटतो तेवढा मतभेद नव्हता. बाळ गंगाधर टिळक यांनी रोग्याला वेगळे ठेवण्याचे तत्त्व नाकारले नाही. शहर सोडून गेलेल्या पुढाऱ्यांना त्यांनी ‘केसरी’तून दोष दिला, स्वतः पुण्यात राहिले आणि हिंदू रोग्यांसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. सरकारी रुग्णालयात जाण्यास लोक भितात ते केवळ अज्ञानामुळे नव्हे. तेथील अन्नपाणी, स्पर्शास्पर्श आणि नातलगांपासूनची ताटातूट हीही भीतीची कारणे आहेत, हे या पुढाकारामागे गृहीत होते. निर्बंध मान्य, पण ते आपल्या माणसांच्या हातून आणि आपल्या रीतीने यावेत, असा या भूमिकेचा आशय सांगता येईल.

याच काळात पुण्याच्या परिसरात निर्बंधांच्या वादात फारशी न गणली जाणारी आणखी एक कृती घडत होती. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी शहराबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी उपचारकेंद्र चालविले होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला तेथे आणताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुण्यात शिपायांच्या तपासणीला प्रारंभ झाला तो त्यानंतर तीन दिवसांनी. रोग्याला घरातून हलवावे हे मानणारी, परंतु त्याला स्वतःच्या खांद्यावरून नेणारी ही कृती सक्तीचे समर्थन करीत नाही आणि विलगीकरणाला विरोधही करीत नाही. अंमल कोणाच्या हातांनी व्हावा, या प्रश्नाचे ते कृतीने दिलेले उत्तर आहे. वादलेखनाच्या इतिहासात या कृतीला जागा मिळत नाही; कारण तो इतिहास लिहिलेल्या शब्दाचा इतिहास असतो.

अंमलाच्या प्रश्नावर मात्र वाद पेटला. ४ मे १८९७ च्या ‘केसरी’तील लेखनात हाताखालच्या शिपायांबरोबरच सरकारवरही जुलमाचा ठपका ठेवण्यात आला होता. १९१८ च्या राजद्रोह समितीने, ज्या समितीचे नाव रौलट यांच्याशी जोडले गेले तिने, आपल्या अहवालात या लेखाचा मुद्दाम उल्लेख केला. रँडच्या वधानंतर शहरावर जादा पोलीस बसविण्यात आले, तेव्हा ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ आणि ‘राज्य करणे म्हणजे सूड उगविणे नव्हे’ हे ‘केसरी’चे अग्रलेख प्रसिद्ध झाले. या शीर्षकांची रचना लक्षणीय आहे. पहिले प्रश्नार्थक आहे आणि बोलीतील वाक्प्रचार थेट शासनसंस्थेला लावते. दुसरे सूत्रवजा आहे आणि राज्यकर्त्याला राजधर्माची व्याख्या ऐकविते. घरातल्या ओसरीवरची भाषा आणि नीतिशास्त्राची भाषा यांचा हा संयोग मराठी अग्रलेखाने प्लेगच्या वर्षात पक्का केला, असे म्हणण्यास हरकत नाही.

शिक्षा झाली ती मात्र तिसऱ्या प्रश्नावर, म्हणजे बोलण्याच्या अधिकारावर. १४ सप्टेंबर १८९७ रोजी टिळकांना अठरा महिन्यांची सक्तमजुरी ठोठावण्यात आली. खटला उभा राहिला तो १५ जूनच्या अंकातील शिवाजी-उत्सवाशी संबंधित मजकुरावर. प्लेगवरील लेख हे आरोपाचे मूळ नव्हते. ज्युरीचे मत सहा विरुद्ध तीन असे पडले; सहाही युरोपियन दोषी म्हणणारे आणि तिघेही भारतीय निर्दोष म्हणणारे. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी सरकारविषयीची अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, असा अर्थ लावला आणि १८९८ मध्ये राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करण्यात आले. साथीच्या निर्बंधांवरून सुरू झालेला वाद अशा रीतीने शब्दांच्या अर्थाच्या वादात आणि अखेर वाणीवरील निर्बंधांत परिणत झाला.

४. साक्ष कोणाची?

अंमलाविषयीच्या तक्रारीत सर्वांत नाजूक भाग स्त्रियांच्या तपासणीचा होता. त्याविषयीच्या तीन लेखनकृती एकत्र ठेवल्या म्हणजे साक्षीचा प्रश्न स्पष्ट होतो.

पहिली गोपाळ कृष्ण गोखले यांची. वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी ते १८९७ मध्ये इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्रातून शिपायांच्या अत्याचारांविषयी गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मागण्यात आला, तेव्हा ज्यांनी माहिती कळविली त्यांची नावे उघड करणे त्यांना शक्य झाले नाही, आणि ऑगस्टच्या आरंभी त्यांनी बिनशर्त माफी प्रसिद्ध केली. या माफीबद्दल त्यांच्यावर स्वकीयांकडून भीरुतेचा आरोप झाला. वाङ्मयीन दृष्टीने पाहता हा प्रसंग वेगळाच प्रश्न उपस्थित करतो. ज्या समाजात तक्रार करणाऱ्या स्त्रीचे नाव उच्चारणे हीच तिची बेअब्रू मानली जाते, त्या समाजात सत्य असलेली तक्रारही साक्षीविना राहते. गोखल्यांच्या हाती शब्द होते, पण त्या शब्दांना उभे राहण्यासाठी माणूस नव्हता.

दुसरी पंडिता रमाबाई यांची. मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रात त्यांनी पुण्यातील प्लेग रुग्णालयाच्या व्यवस्थेविषयी, विशेषतः तेथील तरुण स्त्रियांच्या असुरक्षिततेविषयी, स्वतःच्या नावाने पत्र लिहिले. आपल्या आश्रमातील मुलीच्या अनुभवावर ते आधारलेले होते. सरकारने त्यातील आरोप नाकारले. येथे साक्ष देणारी व्यक्ती स्त्री होती, नाव उघड होते आणि तक्रारीचा विषयही नेमका होता. तरीही राष्ट्रीय वादाच्या रूढ कथनात या पत्राला गोखल्यांच्या माफीच्या प्रकरणातील एक तपशील यापेक्षा अधिक स्थान मिळाले नाही. धर्मांतर केलेल्या स्त्रीची साक्ष स्वकीयांना आपली वाटली नाही, आणि सरकारला ती गैरसोयीची होती.

तिसरी दामोदर चापेकर यांची. कैदेत असताना त्यांनी लिहिलेले आत्मवृत्त पुढे ग्रंथरूपाने उपलब्ध झाले. त्यात प्लेगच्या तपासणीतील धर्मभ्रष्टता, देवघरांचा विटाळ आणि स्त्रियांची विटंबना यांविषयीचा संताप आहे. त्याबरोबरच सुधारकांविषयी तिरस्कार आहे आणि टिळकांनाही ते पूर्णतः आपले मानत नाहीत. येथे स्त्रिया हा संतापाचा विषय आहे. त्या बोलत मात्र नाहीत. गोखल्यांकडे निनावी साक्ष, रमाबाईंकडे सनाव साक्ष आणि चापेकरांकडे साक्षीची गरजच नसलेली खात्री, अशी ही तीन रूपे आहेत. एकाच वस्तुस्थितीविषयीचे हे तीन गद्यप्रकार केवळ ‘विरोध’ या एका शीर्षकाखाली घालणे म्हणजे त्यांच्यातील भेद पुसून टाकणे होय.

छावणीच्या आतून आलेले मराठी लेखन त्या वेळी जवळजवळ नव्हते. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये (१९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध) प्लेगच्या दिवसांचे जे कथन येते, ते घटनेनंतर कित्येक वर्षांनी. त्यात कमिटी, कायदा व सरकार मागे पडतात. माणसे, भीती, सेवा आणि मधूनच उमटणारा विनोद पुढे येतो. ज्या अनुभवाविषयी वर्तमानपत्रे भांडली, तो अनुभव मराठी गद्यात उमटण्यास एका पिढीचा अवधी लागला.

५. ज्ञानाची मर्यादा

या वादाचा विचार करताना एक वैद्यकीय वस्तुस्थिती लक्षात ठेवणे आवश्यक आहे. प्लेगचा जंतू अलेक्झांद्र येर्सिन यांनी १८९४ मध्ये हाँगकाँग येथे शोधला होता. परंतु तो उंदरांवरील पिसवांमार्फत माणसापर्यंत येतो, हे पॉल-लुई सिमोन यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले आणि त्यालाही सर्वमान्यता मिळण्यास आणखी काही वर्षे गेली. म्हणजे १८९७ मध्ये घरे रिकामी करणे, कार्बोलिक शिंपडणे, चुना मारणे, जमिनी उकरणे हे उपाय योजणाऱ्यांनाही रोग पसरतो कसा हे ठाऊक नव्हते. विरोध करणाऱ्यांनाही ते ठाऊक नव्हते. दोन्ही पक्ष खात्रीच्या भाषेत बोलत होते आणि दोघांचीही खात्री अपुऱ्या ज्ञानावर उभी होती.

जेथे ज्ञान अपुरे असते तेथे विश्वासाला महत्त्व येते. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत तपासणी पथकाने एका आजारी मुलीला नेण्याचा प्रयत्न केला असता मुसलमान विणकरांच्या वस्तीत दंगल उसळली. त्यानंतर सरकारने सक्तीचा आग्रह क्रमाने सोडला आणि स्थानिक पुढाऱ्यांच्या साहाय्याने, ज्ञातिवार रुग्णालयांच्या द्वारे व ऐच्छिक लस टोचणीने काम करण्याचे धोरण स्वीकारले. टिळकांनी आणि इतरांनी अंमलाच्या प्रश्नावर जे मागितले होते त्याच्या जवळपास सरकार दीड वर्षाच्या आत आले. त्यासाठी मोजलेली किंमत मात्र रुग्णांनी, अधिकाऱ्यांनी आणि तुरुंगात गेलेल्यांनी भरली होती.

६. टाळेबंदीची भाषा

२०२० मध्ये याच कायद्याच्या आधारे निर्बंध आले तेव्हा त्यांच्यासाठी मराठीने वापरलेले शब्द अभ्यसनीय आहेत. ‘टाळेबंदी’ हा शब्द मराठीत मुळात औद्योगिक कलहाचा आहे. कामगार करतात तो संप आणि मालक करतो ती टाळेबंदी, हा भेद गिरणगावाच्या इतिहासाने प्रत्येक मराठी वाचकाच्या मनावर ठसविला आहे. इंग्रजीत ‘लॉकआऊट’ आणि ‘लॉकडाऊन’ हे दोन वेगळे शब्द असताना मराठी वृत्तपत्रांनी दोहोंसाठी एकच शब्द स्वीकारला. परिणामी साथीच्या उपायाला मालकाने घातलेल्या कुलपाची छटा आली, आणि रोजगार गमावलेल्या माणसाला ती अनाठायी वाटली नाही. ‘संचारबंदी’ व ‘जमावबंदी’ हे शब्द दंगलींच्या काळातील पोलिसी व्यवहारातून आलेले आहेत. १८९७ मध्ये ‘छावणी’ लष्करातून आली आणि ‘क्वारंटाईन’ बंदरातून. दोन्ही काळांत निर्बंधांचे शब्द वैद्यकापेक्षा पोलीस, लष्कर आणि भांडवल यांच्या व्यवहारातून आले, ही गोष्ट त्या निर्बंधांच्या स्वीकारावर परिणाम केल्याशिवाय राहिली नाही.

‘सामाजिक अंतर’ या शब्दयोजनेवर झालेला आक्षेप याच संदर्भात पाहावा. जातीच्या कारणाने अंतर राखण्याचा दीर्घ इतिहास असलेल्या समाजात अंतराला ‘सामाजिक’ हे विशेषण लावणे अनर्थकारक आहे, त्याऐवजी ‘शारीरिक अंतर’ म्हणावे, असा तो आक्षेप होता. वरवर पाहता हा शब्दच्छल वाटतो. वस्तुतः निर्बंधांची गरज मान्य करून त्यांच्या अर्थावर हक्क सांगणारा हा तिसऱ्या प्रकारचा, म्हणजे अधिकाराचा वाद आहे.

७. २०२०-२१ : तीन प्रश्नांची पुनरावृत्ती

वर केलेली विभागणी अलीकडील वादालाही लावून पाहता येते. २०२० च्या आषाढीला मानाच्या पालख्यांतील पादुका एस. टी. बसने पंढरपुरास नेण्यात आल्या. वारी थांबविण्याची गरज त्या वर्षी बहुतेक संस्थानांनी मान्य केली. २०२१ मध्ये मात्र मर्यादित संख्येने का होईना पायी वारी व्हावी, ही मागणी बळावली आणि जुलैच्या आरंभी बंडातात्या कराडकर यांना पोलिसांनी ताब्यात घेतले. गरजेचा वाद अंमलाच्या वादात रूपांतरित झाल्याचे हे उदाहरण आहे.

मंदिरे उघडण्याच्या वादात तर एकच मागणी परस्परभिन्न स्थानांवरून झाली. ३१ ऑगस्ट २०२० रोजी प्रकाश आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली पंढरपुरात विठ्ठल मंदिर खुले करण्यासाठी आंदोलन झाले. ऑक्टोबरमध्ये राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांना याच विषयावर पत्र लिहिले, त्यात ‘सेक्युलर’ या शब्दाचा उपरोधाने वापर झाला आणि मुख्यमंत्र्यांनी त्याला पत्रानेच उत्तर दिले. १६ नोव्हेंबर २०२० रोजी, दिवाळीच्या पाडव्याला, प्रार्थनास्थळे उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, पुन्हा उघडली. मंदिरप्रवेशाच्या चळवळीचा वारसा सांगणारी मागणी आणि सरकारच्या धर्मनिष्ठेवर प्रश्नचिन्ह लावणारी मागणी यांची घोषणा एक असली तरी आशय एक नाही. ‘निर्बंधविरोधक’ असा एकच गट कल्पिणारा अभ्यास येथे फसतो.

विदर्भात हा अनुभव अधिक लांबला. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती विभागातील अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम व बुलढाणा या जिल्ह्यांत राज्याच्या बऱ्याच भागांआधी निर्बंध परत आले. एप्रिलमध्ये ‘ब्रेक द चेन’ या नावाने राज्यभर आदेश निघाले, तेव्हा व्यापाऱ्यांनी ठिकठिकाणी विरोध केला. साखळी तोडण्याचे आवाहन इंग्रजीत आणि दुकानाच्या शटरवरची चिठ्ठी मराठीत, असे या काळाचे भाषिक चित्र होते.

आणि एक मतभेद असा होता की जो कोणत्याही भाषेत लिहिला गेला नाही. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याहून पायी निघालेले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असता मालगाडीखाली मरण पावले. ते मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघाले होते. त्यांनी कोणत्याही आदेशाविरुद्ध निवेदन दिले नव्हते. ते केवळ चालू लागले होते. १८९६ च्या आर्थर रोड रुग्णालयावरील जमावाप्रमाणे, मुंढव्याच्या मुलाला उचलून नेणाऱ्या सावित्रीबाईंप्रमाणे, त्यांचीही भूमिका कृतीत होती, लेखात नव्हती.

८. अभ्यासाची दिशा

१८९७ मध्ये मेहकर वऱ्हाड प्रांतात, म्हणजे हैदराबादच्या ब्रिटिश रेसिडेंटच्या अखत्यारीत होते. मुंबई इलाख्याच्या प्लेग कमिटीचा हुकूम तेथे चालत नव्हता. गावाला रेल्वे नव्हती आणि आजही नाही. अशा गावात पुण्याचा वाद पोहोचे तो छापील शब्दाच्या रूपाने, आणि म्हणून छापील शब्दाने जे गाळले ते तेथे पोहोचलेच नाही. २०२० मध्ये परिस्थिती उलट झाली. आदेश, अफवा, विनोद, श्रद्धांजली आणि आक्षेप एकाच क्षणी प्रत्येकाच्या हातातील भ्रमणध्वनीवर आले. परंतु तेवढ्याच वेगाने ते पुसलेही गेले आहेत. १८९७ च्या अभ्यासकापुढे ‘केसरी’च्या जुन्या फायली तरी आहेत. २०२० च्या मेहकरविषयी लिहू पाहणाऱ्या उद्याच्या अभ्यासकापुढे काय असेल, हा प्रश्न आज महाविद्यालयीन अध्यापकांनी विचारात घ्यावा असा आहे.

करोनाकालीन मराठी साहित्यावर आता प्रबंध होत आहेत. त्यांत कविता, कथा, दैनंदिनी यांचा समावेश होणे स्वाभाविक आहे. तथापि ग्रामपंचायतीच्या दवंडीचा मजकूर, नगरपरिषदेच्या ध्वनिक्षेपकावरून दिलेल्या सूचना, दिंडी रद्द झाल्याची पत्रके, दुकानदारांची निवेदने, परतलेल्या मजुरांची मौखिक कथने हेही त्या काळाचे मराठी गद्य आहे, आणि साथीच्या वादाचे खरे स्वरूप त्यातच अधिक सापडण्याचा संभव आहे. ते जमविताना प्रत्येक लेखनापुढे वरील तीन प्रश्न ठेवता येतील. लेखक निर्बंधांची गरज नाकारतो आहे, की अंमलाची रीत, की आपल्याला न विचारले जाणे? या प्रश्नांची उत्तरे न शोधता समर्थक आणि विरोधक अशा दोन पेट्यांत सर्वांना भरले, तर १८९७ विषयी जी चूक रूढ झाली तीच २०२० विषयी होईल.

प्लेगच्या वर्षाने मराठी अग्रलेखाला धार दिली, हे वाङ्मयेतिहासाने नोंदविले आहे. त्याच वर्षाने कोणाला साक्षीला उभे राहू दिले नाही, याची नोंद मात्र अद्याप अपुरी आहे. पुढच्या साथीत कायदा कदाचित वेगळा असेल. परंतु तक्रारीला उभे राहण्याची जागा कोठे आहे आणि तेथे कोण उभे राहू शकतो, हा प्रश्न तेव्हाही असेल, आणि त्याचे उत्तर पुष्कळ अंशी आज काय जपून ठेवले जाते यावर अवलंबून राहील.